ताईला ‘या’ म्हणावं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात कामाला होते. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, नंतर कॉम्प्युटरवर बसायला लागले. शहरातल्या निम्म्या मोर्च्यांची पत्रकं त्यांच्या हातून गेली असतील. वाया गेलेल्या प्रती ते घरी आणायचे. मागची बाजू कोरी, म्हणून मी तिच्यावर गणितं सोडवायचे आणि गणित अडलं की कागद उलटा करून वाचत बसायचे. पाचवीत बाईंनी खेळाचा तास रद्द केला तेव्हा मी फळ्यावर ‘जाहीर निषेध’ लिहिलं. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा फळ्यापुढे उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “षे तर बरोबर काढलाय.” त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगले. कारण त्यानंतर त्यांनी माझं असं कौतुक फारसं केलं नाही. चुका मात्र दर वेळी काढतात.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते हेव्यातून केलं. तो हेवा आभाळातून पडलेला नव्हता.

उस्मानपुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. लग्नाच्या नाहीतर कामाच्या नावाखाली पोरींना लांब नेऊन विकतात. त्याबद्दल गावोगाव जाऊन बोलायचं आणि सुटून आलेल्या पोरींना पुन्हा उभं राहायला मदत करायची, हे आमचं काम. सगळं चालवणाऱ्या मॅडम, पत्रकं आणि अर्ज लिहिणारी मी, आणि माझ्यानंतर तीन महिन्यांनी आलेली, माझ्याच वयाची, कन्नड तालुक्यातली एक मुलगी. सगळे तिला ताई म्हणायचे. तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या मॅडमसुद्धा. मला कुणी ताई म्हणत नव्हतं. मी तिला मनातल्या मनात ‘कन्नडवाली’ म्हणायचे, आणि ते प्रेमानं नव्हतं.

सुरुवात कन्नडच्या आठवडी बाजारात झाली. माझ्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक होतं, ‘मानवी वाहतूक : समाजाला लागलेला कलंक’. सरकारी कागदांवर हाच शब्द असतो, वाहतूक. मी दोन दिवस बसून ते लिहिलं होतं. मिरच्यांचा ढीग लावून बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात मी एक प्रत दिली. त्यानं कागद लांब धरून शीर्षक वाचलं.

“वाहतूक? म्हंजी हेल्मेटचं का? मला गाडीच नाय बाई. मी जीपनं येतो.”

शेजारचे हसले. मी म्हणाले, “तसं नाही काका, ही माणसांची अवैध वाहतूक.”

“व्हय, त्या जीपमधी बी लई माणसं कोंबतेत. लिवा, लिवा त्याच्याबद्दल.”

तेवढ्यात कन्नडवाली आली. तिनं ढिगातली एक मिरची उचलली, मोडून वास घेतला आणि म्हणाली, “बाबा, गाड्यांचं नाय हे. पोरी इकत्यात, त्याचं हाय.”

म्हाताऱ्याचा हात थांबला. “कुणाच्या पोरी?”

“तुमच्या. माझ्या.”

त्यानं स्वतःच्या बुडाखालचं पोतं अर्धं ओढून तिच्यापुढे केलं. “बस हितं. सांग.”

ती अर्धा तास त्या पोत्यावर बसली. आजूबाजूला दहा-बारा बाया गोळा झाल्या. मी उभी होते, हातात गठ्ठा घेऊन. निघताना बघितलं तर माझ्या पत्रकात कुणीतरी पावशेर मिरच्या बांधून दिल्या होत्या.

तिच्याकडे सांगायला स्वतःची गोष्ट होती. तिच्या थोरल्या बहिणीला मावशीच्या दिरानं स्थळ आहे म्हणून नेलं, ती परत आलीच नाही. पत्ताही लागला नाही. बाजारात, शाळेत, मंदिरापुढच्या पारावर ती ही गोष्ट चार वाक्यांत सांगायची आणि पुढे बोलायला लागायची. रडायची नाही. बाया रडायच्या. आणि मी, जी माणसांच्या दुःखाबद्दल पानंच्या पानं लिहीत होते, ती बाजूला उभी राहून विचार करायचे की हिला हे बरं सापडलंय. मला त्या हरवलेल्या बहिणीचाही हेवा वाटला आहे. याहून लाजिरवाणी गोष्ट माझ्याकडे नाही. म्हणजे नव्हती.

अशी दीड-दोन वर्षं गेली, मग एक पत्रक मी साधं लिहिलं. वाहतूक काढून टाकली. मोठ्या अक्षरात एकच ओळ, ‘अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका’, आणि खाली ऑफिसचा मोबाइल नंबर. देवगाव रंगारीच्या अलीकडच्या एका शाळेत आम्ही दोघी निघालो होतो. एस.टी.त मी गठ्ठा सोडला आणि बघतच राहिले. वरच्या प्रतीवर ‘अनो’वर निळ्या पेनानं काट मारली होती. वर ‘ओ’ लिहिला होता, आणि ‘खी’पुढे ‘च्या’ घुसवला होता. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवू नका. दुसरी प्रत तशीच. तिसरीही.

“हे तू केलंस?”

“व्हय. काल सिडकोच्या ष्ट्यांडवर बसले व्हते गाडीची वाट बघत. निम्मेच झाले, मंग गाडी लागली.”

“विचारायचं तरी.”

“इचारलं असतं तर तू नाय म्हनली असतीस.”

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. “ओळखीच्यांवर विश्वास ठेवू नका, असं सांगायचं लोकांना? मग माणसांनी जगायचं कसं?”

“ते मला नाय म्हाईत. पन अनोळखी माणसासंगं कोन पोरगी जाती गं? येडी हाय का ती?”

पुढच्या बाकावरची बाई मान वळवून म्हणाली, “बराबर हाय तिचं.”

गाडीसुद्धा तिच्याच बाजूनं होती.

शाळेत आधी मी बोलले. वीस मिनिटं. कायदा, समाज, विवेक, सगळं आलं. एका मुलीनं हात वर केला तेव्हा मला वाटलं, प्रश्न आला. ती म्हणाली, “मॅडम, पाणी प्यायला जाऊ का?” मग कन्नडवाली उभी राहिली आणि मी पत्रकांच्या निमित्तानं बाहेर व्हरांड्यात आले. मला तिचं ऐकायचं नव्हतं. आतून आधी शांतता ऐकू आली, मग हशा, मग पुन्हा शांतता, मग एकदम “व्हय!” असा पन्नास मुलींचा आवाज. ती आत काय सांगत होती ते मला कळलं नाही. कळून घ्यावं असंही वाटलं नाही.

मुली बाहेर आल्या त्या तिच्याभोवतीच. अकरावीतली एक बारीक अंगाची मुलगी, लांब वेणी घातलेली, तिचा हात धरून काहीतरी विचारत होती. मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिनं खालचा नंबर बघितला आणि मला विचारलं, “हा ताईचा नंबर ना?”

“ऑफिसचा आहे,” मी म्हणाले.

घरी गेल्यावर मी काट मारलेली प्रत बाबांपुढे ठेवली. छापलेल्या कागदावर दुसऱ्यानं पेन चालवलेला त्यांना खपत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“कुणी केलं हे?”

“आहे एक. बारावी झालेली.”

“तिला एकदा जेवायला घेऊन ये घरी.” कागद त्यांनी माझ्याकडे दिला नाही, स्वतःच्या खिशात घातला. “तुझी ओळ वाचून माणूस पुढं जातो. हिची वाचून थांबतो.”

मी तिला जेवायला बोलावलं नाही. बाबांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, तिला वेळ नाही.

नंतरच्या आठवड्यात मंगळवारी ती एका प्रकरणासाठी तीन दिवस सिल्लोडला गेली. मॅडम कोर्टात होत्या. दुपारी ऑफिसात मी एकटीच होते आणि काम काही नव्हतं. हेही मुद्दाम सांगते. गडबड नव्हती. फोन वाजला.

“ताई हाईत का?” कोवळा आवाज, दबलेला. मागे भांड्यांचा आणि हसण्याबोलण्याचा आवाज.

“नाहीत. मी बोलतेय ऑफिसमधून, मला सांग ना.”

“नाय… ताईलाच सांगायचं व्हतं.”

“काय सांगू?”

“आमच्याकडं पाहुणे आलेत म्हनावं. लांबचे हाईत. आत्यानं आनलेत.” मागे एक पुरुष हिंदीत काहीतरी म्हणाला. आमच्या शहरात भाजीवाल्याशीही निम्मं हिंदीतच बोलतात, मला त्यात काही वाटलं नाही. “ताईला ‘या’ म्हनावं. आजच.”

तिनं गावाचं नाव सांगितलं. ती वेणीवाली मुलगी, हे माझ्या लक्षात आलं.

“हो, सांगते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. मला वाटलं, घरी पाहुणे आलेत, जेवणावळ आहे, आणि ही पोरगी एका भेटीत ओळख झालेल्या बाईला जेवायला बोलावते आहे. त्या व्हरांड्यात मीही उभी होते. मला कुणी ‘या’ म्हणालं नाही. दोन वर्षं मी या तालुक्यांतून फिरते आहे, कुणाच्या घरी पाहुणे आले ते मला कुणी कधी कळवलं नाही. निरोपांची वही समोर होती, पेन तिच्यात अडकवलेला होता. मी लिहिलं नाही. तिला सिल्लोडला फोन करायचा म्हटलं तर अर्धं मिनिट लागलं असतं. मी उठून चहा केला.

शुक्रवारी कन्नडवाली परत आली आणि तिच्या मागोमाग ऑफिसच्या दारात एक बाई उभी राहिली. पदर डोक्यावर, हातात माझं पत्रक चौघडी घातलेलं. ती त्या मुलीची आई होती. नवऱ्याला न सांगता जीप पकडून आली होती. कन्नडवालीनं तिला बसवलं, पाणी दिलं.

नणंदेनं स्थळ आणलं, बाई सांगत होती. मुलगा परराज्यातला, शेतीवाडी आहे, हुंडा नको म्हणाले. मंगळवारी ते लोक घरी आले. बुधवारी सकाळी देवदर्शन करून येतो म्हणून नणंद पोरीला त्यांच्या गाडीतून घेऊन गेली. तेव्हापासून नणंदेचा फोन बंद. नवरा म्हणतो, लग्नच लावून येतील, काय बिघडलं.

“पोरगी म्हनत व्हती, ताई येनार हाय,” बाई म्हणाली. “मंगळवारी त्या पाहुण्याचाच फोन मागून घेतला तिनं, मैतरणीला लावते म्हनून. मंग सांजंपत्तुर दारात बसली. मी म्हनलं, कुणाची वाट बघती? तर म्हनली, ताईची.”

कन्नडवाली मॅडमकडे वळली. “मीच सांगितलं व्हतं शाळंत. लांबचे पाहुणे आले की कुणाशी भांडू नका, मला नुसतं ‘या’ म्हना. मी बी पाहुणी म्हनून येते. चहा पिते, आन् गाव कंचं, सरपंच कोन, त्याचा नंबर द्या, असं इचारीत बसते. खरे असले तर देतेत. खोटे असले तर उठतेत. चार ठिकाणी उठून गेलेत माझ्यापुढनं.” मग तिचा आवाज बारीक झाला. “पन मला तर फोनच नाय आला.”

म्हणजे ते होतं आतमध्ये. तो हशा, तो “व्हय!” मी व्हरांड्यात उभी राहून जे ऐकायचं नाकारलं ते हे होतं.

मॅडमनी पोलिसांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, त्या लोकांचा एखादा नंबर आहे का? आईकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. ऑफिसचा मोबाइल माझ्या टेबलावर होता आणि त्यात तो नंबर होता. मंगळवार, दुपार, अठ्ठेचाळीस सेकंद.

मी फोन उचलला, यादी वर-खाली केली, जणू आत्ताच बघते आहे. “मंगळवारचा एक मिस्ड कॉल दिसतोय,” मी म्हणाले. “अनोळखी नंबर आहे.”

नंबर मी स्वतः वाचून दाखवला, दुसऱ्या कुणाच्या हातात फोन पडू नये म्हणून.

पोलिसांनी त्यावरूनच माग काढला. नवव्या दिवशी तिला शेजारच्या राज्यातून परत आणलं. आत्या पकडली गेली, तो नंबरवालाही. त्या नऊ दिवसांत तिचं काय झालं ते तिचं आहे, मी ते लिहिणार नाही. पत्रकात कधी लिहिणार नाही, इथेही नाही.

मॅडम मला म्हणाल्या, “तुझ्यामुळे पोरगी सापडली.” पोलीस स्टेशनातल्या बाईंनी माझ्याशी हात मिळवला. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “नजर आहे तुला,” आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात सगळ्यांना सांगून आले. पाचवीनंतर पहिल्यांदा. मी ते सगळं घेतलं.

मुलगी अठराच्या आतली, आणि घरच्यांनीच पाठवलेली. म्हणून बालकल्याण समितीनं निर्णय होईपर्यंत तिला शहरातल्या मुलींच्या बालगृहात ठेवलं. कन्नडवाली पहिल्याच दिवशी पेरू घेऊन भेटायला गेली. मुलीनं तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी ती खोलीतून बाहेरच आली नाही, पेरूची पिशवी तिथं काम करणाऱ्या मावशींच्या हाती परत पाठवली. कन्नडवाली ऑफिसात येऊन खुर्चीवर बसली आणि पिशवीकडे बघत राहिली.

मला बरं वाटलं. सगळ्या जगाला तीच हवी असते, आणि ज्या पोरीला सगळ्यात जास्त हवी होती तिनं तिला दारात ठेवलं. लगेच त्याच्या मागून मला कळलं, की मुलगी अशी का वागते आहे हे या शहरात फक्त मला माहीत आहे.

मॅडम म्हणाल्या, “तू जाऊन बघ. तुझ्याशी बोलेल कदाचित.”

मी गेले. पहिल्या भेटीत आम्ही दोघी गप्प बसलो. मी बोलायला घाबरत होते, तिनं आवाज ओळखला तर? तिनं ओळखला नाही. अठ्ठेचाळीस सेकंदांचा तो काय आवाज. दुसऱ्या भेटीत तिनं कंगवा माझ्यापुढे धरला आणि पाठ करून बसली. मी तिची वेणी घालायला लागले.

“तुमी बऱ्या हाईत,” ती म्हणाली. “गप ऱ्हाता. त्या दुसऱ्या ताईवानी नाय.”

मी तीन पेड वेगळे केले.

“तिला निरोप दिला व्हता मी. फोनवरली बाई म्हनली, हो सांगते. मंग बी आली नाय. शाळंत लई बोलत व्हती, मला ‘या’ म्हना, मी येते. मी दारात बसले व्हते, ताई. अंधार पडंपत्तुर.”

ताई. दोन वर्षं मला जो शब्द हवा होता तो ती मला म्हणाली. मी पेडावर पेड घालत गेले. तिथेच सांगायला हवं होतं. मी रबर बांधलं, पुढे आलेल्या बटा कानामागे सारल्या आणि घरी गेले. घरी जाताना क्रांती चौकात सिग्नलला उभी असताना मी हसत होते, हे मला मागून आठवलं.

त्या आठवड्यात कन्नडवाली टेबलाचा खण रिकामा करताना दिसली. वह्या, छत्री, एक पाण्याची बाटली, सगळं एका कापडी पिशवीत.

“हे काय?”

“सोमवारपास्नं येनार नाय मी. मॅडमना सांगितलंय.”

“का?”

“पोरीला माझं तोंड बघवंना. माझं काय चुकलं ते बी सांगंना.” ती वह्यांची कडा जुळवत राहिली. “माझ्याच बोलण्यावर इसंबून बसली असंल ती. फोन लागला नाय आन् मी सिल्लोडात. तिकडं माझी बहीण गेली तवा मी नऊ वर्सांची व्हते, मला काय करता आलं नसतं. पन आता तर मी हेच काम करते ना? तरी नाय जमलं. मंग गावागावात जाऊन कशाला मोठ्यानं बोलू?”

मी म्हणायला हवं होतं ते दातांमागे होतं. मी म्हणाले, “विचार कर अजून.” आणि त्या संध्याकाळी मी खरंच मनातल्या मनात हिशेब मांडला. ती गेली की बाजार माझा, शाळा माझ्या, फोनवर येणारा प्रत्येक आवाज माझा. मॅडम बोलायला मलाच पाठवतील. बाबा तिला विसरतील. मी त्या विचारात नीट, पाय पसरून बसले होते.

मला उठवलं ते कुठल्या तत्त्वानं नाही. तत्त्वं मला तोंडपाठ होती, ती काही कामाला आली नाहीत.

शनिवारी भेटीच्या वेळी कन्नडवालीही आली होती, शेवटचं म्हणून. ती आत आली नाही, बाहेर पटांगणातल्या बाकावर बसली. मी आत वेणी घालत होते. त्या सकाळीच बालगृहात आणलेली एक लहान मुलगी, दहा-अकराची असेल, खाटेच्या कडेला बसून तळहाताकडे बघत होती. तळहातावर पेनानं कसलासा नंबर लिहिलेला होता. घामानं आकडे पसरले होते, म्हणून ती ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

माझ्या पुढ्यातल्या मुलीनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पूस ते. फोन-बिन करायचा नाय. कुनी येत नसतं.”

लहानीनं खरंच हात फ्रॉकला घासला.

मी म्हणाले, “नको पुसू. ती येणार होती.”

“कोन?”

“ताई. ती आली असती. तिला निरोपच मिळाला नाही. तो फोन मी उचलला होता. ‘हो, सांगते’ म्हणाले ती मी.”

तिची पाठ माझ्याकडे होती. ती वळली नाही. अर्धी वेणी माझ्या हातात होती.

“इसरल्या?”

इतकं सोपं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर ती कदाचित म्हणाली असती, चालतंय.

“नाही. विसरले नाही. मला तिचा हेवा वाटत होता.”

“हेवा म्हंजी?”

“जळत होते तिच्यावर.”

आता ती वळली. केस माझ्या हातातून ओढले गेले. “ताईवर? कशापायी?”

“सगळे तिलाच विचारतात म्हणून. तूसुद्धा तिलाच विचारलंस. पाहुणे म्हणजे ते पाहुणे, हे मला कळलं नव्हतं. मला वाटलं, जेवायला बोलावतेस.”

“जेवायला,” ती म्हणाली. मला वाटलं ओरडेल, मारेल. तिनं मारावं असं मला वाटत होतं. तिनं हात पुढे करून वेणी माझ्या मुठीतून सोडवून घेतली. “सोडा,” म्हणाली. मग विचारलं, “तिला म्हाईत हाय?”

“नाही. तिला वाटतं फोन लागलाच नाही.”

“आन् तुमी मला वेण्या घालत व्हत्या.”

मी कंगवा खाटेवर ठेवला.

“ताई कुठंय?”

“बाहेर. बाकावर.”

ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. मला वाटलं माझ्यासाठी. तिनं त्या लहान मुलीचा हात उलटा करून बघितला. आकडे निम्मे गेले होते. “ध्यानात हाय का?” तिनं विचारलं. लहानीनं मान हलवली. “मंग म्हनत ऱ्हा. मी मावशीला फोन मागते.” आणि ती अनवाणी बाहेर गेली.

मी त्या खोलीत किती वेळ बसले मला माहीत नाही. लहान मुलगी आकडे म्हणत होती. खिडकीतून बाक दिसत होता. मुलीनं काही बोलायच्या आधीच कन्नडवाली उठून उभी राहिली होती. मग मुलगी बोलत होती, हात उडवत, चिडून, मग वाकून रडत. कन्नडवालीनं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तिच्या डोक्यावरून खिडकीकडे, माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग होता का मला नीट दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की पोरगी शेवटी तिच्याच खांद्यावर आहे. आणि लिहायला लाज वाटते, पण तेव्हाही, तिथेही, मला हेवा वाटला.

बाहेर पडायची वाट बाकावरूनच होती. मी मान खाली घालून निघाले. आम्ही दोन वर्षं एका ऑफिसात काम केलं, एका गाडीनं फिरलो, पण तिनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती आणि मीही तिला मारली नव्हती. आताही तिनं मारली नाही.

“ए. कुठं निघालीस?”

मी थांबले.

“हिला सांगितलंस. आता मला सांग. तुझ्या तोंडानं.”

“तिनं सांगितलं की तुला.”

“तिनं तिचं सांगितलं. तुझं राहिलंय.” तिनं पेरूची पिशवी उचलून खाली ठेवली आणि बाकावर जागा केली. “बस.”

मी बाकाच्या टोकाला बसले. मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये होती, तिनं माझ्या बाजूचा पाय आखडून घेतला. कन्नडवालीचा हात तिच्या सुटलेल्या केसांत होता. मी बोलायला सुरुवात केली.